तीनच्या आत

सोम. १३ जाने.

बिल्ड, म्हणजे सगळे तुकडे जुळवून होणारा प्रोग्रॅम, सकाळपासून लाल, जुळतच नाही. तेवीस मॉड्यूलांतली एकवीस गुण्यागोविंदानं नांदतायत, दोघांचं भांडण. निरोप पाठवणारं मॉड्यूल म्हणतंय, मला वजन-मापांची लायब्ररी तीन नंबरची किंवा पुढची द्या. औषधाच्या मात्रेचं मॉड्यूल म्हणतंय, दोनच्या पुढं कुठलीही चालेल, पण तीनच्या आत. एकाच घरात एकीला गॅस पाहिजे, दुसरीला चूल.

निरोप पाठवणाऱ्याला वजन-मापं कशाला लागतात म्हणाल, तर कुणीतरी हौसेनं निरोपात बाळाचं वजन छापायचं ठरवलं. ती लायब्ररी आपली नाही. जगात कुठंतरी बसून कुणीतरी लिहितो, आपण फुकट घेतो, आणि त्यानं नवं काढलं की आपली धावपळ.

‘तीनच्या आत’ हे चार वर्षांपूर्वी मीच लिहिलंय. आवृत्तीचा मोठा आकडा बदलला की लिहिणारा मनाला येईल ते बदलतो, म्हणून. तेव्हा अक्कल होती.

परवा सिल्लोडच्या हॉस्पिटलची माणसं बघायला येणार. सर तीनदा माझ्या टेबलापाशी येऊन नुसतं खाकरून गेले.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. टेबलाटेबलावर तिळगूळ, गोड बोला म्हणे. सर गोडच बोलले. “ताई, काही करा, आज हिरवं पायजे.”

केलं. मात्रेच्या मॉड्यूलवरची वरची हद्द काढून टाकली. ‘तीनच्या आत’ पुसलं, ‘दोनच्या पुढं’ ठेवलं. दोघांनाही तीन-पॉइंट-एक मिळाली, भांडण मिटलं. सगळ्या चाचण्या पास. फक्त उद्यापुरतं, मग परत लावते.

नियम माझाच आहे. हद्द काढली की फळ्यावर लिहायचं: दा.उ., म्हणजे दार उघडं. कुठलं, कुणी उघडलं, कधी लावणार, खाली सही. सहा वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसून पाळून घेतलाय. मागं एकानं लिहिलं नव्हतं तर त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं मी.

पण आज फळा पाहुण्यांसाठी पुसलेला. त्यावर ‘सुस्वागतम’ आणि चारी कोपऱ्यांत फुलं. काढणारी पोरगी दोन तास स्टुलावर उभी होती. तिच्या फुलांवर कुठं दा.उ. लिहू? परवा लिहीन.

बुध. १५ जाने.

छान झालं. डॉक्टर खूश, सर त्याहून खूश. आपलं काम साधं: नर्सनं बाळाचं वजन घालायचं, औषध निवडायचं, पडदा सांगतो किती मिली द्यायचं.

शहाणा प्रश्न एकीनंच विचारला. शबाना सिस्टर, तिथल्या सगळ्यात जुन्या नर्स. “वीज गेली तर आकडा कुठनं बघायचा?” सर हसले. म्हणाले, मग हातानं करायचं सिस्टर. त्या हसल्या नाहीत. “हौ, म्हणजे हाताचं विसरायचं नक्को.”

मला बाई आवडल्या.

मंगळ. २१ जाने.

आज मी सि.वर ओरडले. सि. म्हणजे सिद्धार्थ. छावणीत राहतो, वडील शाळेत कारकून होते, आता रिटायर. तीन वर्षं झाली इथं. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणतो, आणि त्याचं बघून सगळे म्हणायला लागले.

सगळ्या मॉड्यूलांच्या हद्दी एका फाइलीत आहेत, आणि त्या फाइलीचा नुसता उकिरडा झालाय. एक ओळ इकडं, एक तिकडं. म्हटलं, “या फाइलीत हात घालतोस ना रोज? मग जरा माणसासारखी करून ठेव. ओळी सरळ कर.”

संध्याकाळपर्यंत केली. अक्षर बदललं नाही, नुसत्या मोकळ्या जागा सारख्या केल्या. दाखवायला आला. “ताई, एकदा नजर टाका.” टाकली. छान म्हटलं. मंजूर केलं.

सोम. ३ फेब्रु.

सिल्लोडला नवं चालू झालं. पेढे. काही कटकट नाही. ह्यांना दोन पेढे रुमालात बांधून आणले, तर म्हणे साखर वाढलीय.

शुक्र. ७ फेब्रु.

ऑफिसच्या कँटीनमध्ये लिहितेय, चहा गार झाला.

जेवणाच्या सुट्टीत शबाना सिस्टरांचा फोन. “ताई, तुमचा कॉम्प्युटर जास्ती सांगतोय क्या? चार दिवसांत इत्त्या कुप्या संपत नाय. माझा हात म्हणतोय, एवढ्याशा बाळाला सिरिंज एवढी भरत नाय.” डॉक्टरांना सांगितलं तर म्हणे पडद्यावर आहे ते बरोबर असेल. मग त्यांनी कागद घेतला आणि हातानं गणित केलं.

मी म्हटलं, वजन सांगा. एक किलो पाचशे वीस ग्रॅम. कमी दिवसांची मुलगी. मात्रा सांगा. त्यांनी सांगितली. मी कॅल्क्युलेटरवर उलटं करून बघितलं. दोन किलोच्या बाळाची मात्रा.

पडद्यावर वजन नीट दिसतं, १.५२. आत हिशोबाला जाताना त्याचं दोन होतंय.

“सिस्टर, आत्ताच्या आत्ता बंद करा. सगळ्यांचं हातानं काढा.” त्या म्हणाल्या, “केलं बंद. तुम्हाला विचारायच्या आधीच केलं.”

मग मी ती फाइल उघडली. मात्रेची ओळ. दोनच्या पुढं, आणि पुढं काहीच नाही. अगदी सरळ, सुबक ओळ.

‘तीनच्या आत’ परत लावलं. निरोपातलं वजन छापणं काढून टाकलं, भांडणाचं मूळच गेलं. एकूण वीस मिनिटं लागली. चौदा तारखेला ही वीस मिनिटं नव्हती माझ्याकडं.

शनि. ८ फेब्रु.

त्या लायब्ररीच्या तीन नंबरबरोबर आलेलं बदलांचं पान वाचलं. तिसरीच ओळ: वेगळं सांगितलं नसेल तर यापुढं वजन पूर्ण आकड्यात धरलं जाईल. लिहिणाऱ्यानं लपवलं नव्हतं काही. आपण वाचलं नव्हतं.

आणि चाचण्या? चाचण्यांतली बाळं दोन किलो, तीन किलो, चार किलो. सगळी गोल आकड्यांची. गोल आकडा कसाही गोल केला तरी गोलच. त्या चाचण्याही माझ्याच, सोपं जावं म्हणून. दीड किलोचं बाळ मला सुचलंच नाही, आणि मशीन बनवलं ते तसल्याच बाळांसाठी.

सिस्टरांशी बोलले. चार बाळांना ते औषध चालू होतं. तिघांची वजनं दोन-तीनच्या आसपास, फारसा फरक नाही. हिला प्रत्येक डोस जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं जास्त, चार दिवस. जास्त झालं तर ते औषध मूत्रपिंडाला आणि कानाला धरतं. मूत्रपिंड ठीक आहे म्हणतात.

“आणि कान?”

“आत्ता काय कळनार ताई. तीन महिन्यांनी तपासायचं.”

सोम. १० फेब्रु.

हे लिहून ठेवायलाच पाहिजे, नाहीतर उद्या मीच स्वतःला वेगळं सांगेन.

मीटिंग. सर, मी, सि., आणखी दोघं. सर म्हणाले, “ही हद्द काढली कुणी? फळ्यावर तर काही नाही. ताई, पंचनामा काढा.”

आम्ही पंचनामा म्हणतो त्याला. फाइलीतली कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, त्याची यादी. मोठ्या पडद्यावर काढली. त्या ओळीसमोर नाव: सिद्धार्थ, २१ जाने.

त्यानं जागा सरळ केल्या होत्या. पण यादीला त्याच्याशी देणंघेणं नाही. ओळीला शेवटचा हात त्याचा, म्हणून नाव त्याचं. मोकळ्या जागा सोडून बघ म्हटलं तर ती यादी मागचं खरं नाव दाखवते. एक बारीक खूण घालायची असते, बस. सहा वर्षं मीच सगळ्यांना शिकवलंय ते.

मी ती खूण घातली नाही.

सि. म्हणाला, “सर, मी फक्त ओळी सरळ केल्या.” सर म्हणाले, “सरळ करता करता वाकडी केलीस.” मग सि.नं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “बघावं लागेल.”

दोन शब्द. बास.

सगळे गेल्यावर सर मला म्हणाले, “अशांना घेतलं की असंच होतं ताई, काय करणार.” अशांना म्हणजे कशांना, हे विचारायला तोंड होतं मला. उघडलं नाही. मान हलवली की काय, तेही आठवत नाही. हलवली असणार.

बुध. १२ फेब्रु.

ह्यांना सांगितलं, सगळं. म्हणाले, “तुझं नाव नाय ना त्यात? मग ओढून कशाला घेतेस? त्याचं वय आहे, त्याला मिळेल दुसरीकडं.”

जे ऐकायचं होतं तेच ऐकलं आणि तरी त्यांचा राग आला. पोळी करपली, तशीच वाढली.

भीती कशाची वाटतेय ते आज भांडी घासताना कळलं. नोकरी जाईल याची नाही. मी तीच, जी दुसऱ्यांना फाडून खाते. उद्या मीच फळ्यावर लिहिलं नव्हतं असं कळलं तर सगळे माझ्याकडं कसं बघतील, ही भीती. एवढी हलकी भीती. लाज वाटते लिहायला.

शुक्र. १४ फेब्रु.

अहवाल गेला हॉस्पिटलला. ‘एका कनिष्ठ अभियंत्याच्या निष्काळजीपणामुळं’, आणि कंसात नाव. पूर्ण नाव. मसुदा सरांनी मला वाचायला दिला होता. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

सि.ला थांबवलं. सोमवारपासून येऊ नको, सर म्हणाले. त्यानं खण रिकामा केला. त्याची स्टीलची बाटली होती, माझ्या टेबलावर राहिलेली, ती न्यायला आला. “येतो ताई.” तेवढंच.

मी “अरे” म्हटलं.

मंगळ. १८ फेब्रु.

सिल्लोडला गेले, दुरुस्त केलेलं बसवायला. फोनवरून बसवता आलं असतं. सरांना म्हटलं, नाही, जावंच लागेल.

जळगाव रोड उकरलेला, धूळ खात दोन तास. वॉर्डात शबाना सिस्टर. आता त्या पडद्यावरचा आकडा बघतात आणि शेजारी वहीत हातानंही काढतात. दोन्ही जुळले तरच सिरिंज भरतात. मला वही दाखवली. रागावून नाही, नुसती दाखवली.

बाळ बघितलं. काचेतून. माझ्या हाताच्या पंजाएवढं, डोक्यावर पिवळी टोपी. आई बाहेर व्हरांड्यात, मंगल नाव. विशीतली असेल. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. सिस्टर म्हणाल्या, “ह्या शहरातल्या कॉम्प्युटरवाल्या ताई.” तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि मला हात जोडले. मला! “तुमच्या मिशिनमुळं बरं चाललंय म्हनत्यात.”

तिला कुणी काही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांचं बाळ, कान त्यामुळंही जाऊ शकतात, आता कशाला घाबरवायचं. खरंही असेल ते. कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. आणि मला तेवढाच आधार वाटला, त्या ‘सांगता येणार नाही’चा. परत येताना बसमध्ये त्याच आधाराची किळस आली.

मंगळ. २५ फेब्रु.

सि.चा मेसेज: भेटता का. क्रांती चौकात, चहाच्या गाड्यापाशी, साडेपाचला.

दाढी वाढलेली. तीन मुलाखती झाल्या म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी आधीच फोन करून चौकशी केलेली. “सिल्लोडचं ते तुम्हीच का, असं विचारलं.”

मी चहा ढवळत बसले. साखर केव्हाची विरघळलेली.

मग तो म्हणाला, “ताई, मला माहितीय.”

“काय?”

“पंचनामा. मी त्याच दिवशी जागेवर जाऊन काढला, मोकळ्या जागा सोडून. चौदा जानेवारी. तुमचं नाव.”

गाड्यांचा एवढा आवाज, पण मला एकेक अक्षर ऐकू आलं. म्हटलं, मग बोलला का नाहीस? सरांना दाखवलं का नाहीस?

“दाखवणार होतो. मग वाटलं, ताई बोलतील. आज नाय तर उद्या. शुक्रवारी बाटली घ्यायला आलो तेव्हा पण वाटलं, आता बोलतील. बाटली मुद्दाम ठेवली होती.”

मी रडले नाही. रडायचा हक्क त्याचा होता आणि तो रडत नव्हता. म्हणाला, “आता मी दाखवलं तर म्हणतील, स्वतःची कातडी वाचवायला ताईंवर ढकलतोय. माझं कोण ऐकणार? ते तुमच्याच तोंडून यायला पायजे.” चहाचे पैसे मी द्यायला गेले तर त्यानं देऊ दिले नाहीत.

गुरु. २७ फेब्रु.

बोलले.

सरांच्या केबिनमध्ये लॅपटॉप नेला, खूण घालून यादी काढली, समोर ठेवली. “सर, हद्द मी काढली. फळ्यावर लिहिली नाही. दहा तारखेला मला माहीत होतं आणि गप्प बसले.”

वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. “ताई, झालं ते झालं. अहवाल गेला, त्यांनी फाइलला लावला. आता बदलायचा म्हणजे पहिला खोटा होता म्हणायचं. तुम्ही सतरा वर्षांच्या आहात इथं. जाऊ द्या.”

“आणि सिद्धार्थ?”

“त्याला मी बघतो. शब्द टाकतो कुठंतरी.”

म्हटलं, कुठं टाकणार? मग म्हणाले, “ताई, लई ताणू नका.”

शुक्र. २८ फेब्रु.

स्वतः लिहिलं हॉस्पिटलला. दीड पान. चौदा जानेवारीपासून सगळं, तारखांसकट, सोबत दोन्ही याद्या. शेवटी: सिद्धार्थचा यात दोष नाही, त्यानं मी सांगितलेलं काम नीट केलं. बाळाच्या आईला हे कळलं पाहिजे, आणि सांगायचं असेल तर मी येऊन सांगेन. खाली सुनंदा, आणि आडनाव. एक प्रत सि.ला, एक सरांना.

पाठवायचं बटण दाबलं.

सोम. १० मार्च

घरी आहे. ‘विश्रांतीसाठी रजा’ असं सरांनी लिहून दिलंय, किती दिवस ते लिहिलेलं नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं एकाच शब्दाचं उत्तर आलं: मिळालं. सि.कडून काहीच नाही. फोन केला, उचलला नाही. दोनदा. तिसऱ्यांदा केला नाही.

ह्यांनी विचारलं, समाधान झालं का आता? म्हटलं, नाय.

बुध. २ एप्रि.

पत्राची प्रत कागदावर काढून छावणीत गेले, सि.च्या घरी. फाटकावर पितळी पाटी आहे: सिद्धार्थ, संगणक अभियंता. खाली वडिलांचं नाव बारीक अक्षरात. चकचकीत घासलेली.

वडीलच होते. तो मुलाखतीला पुण्याला गेलेला. मला आत बोलावलं, पाणी दिलं. सगळं रीतसर. मग चष्मा लावून दीड पान वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. कारकुनी हात, बोट ओळीखाली सरकत होतं. वाचून घडी घातली.

“मॅडम, हे सगळं तुम्हाला दहा तारखेला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग दहा तारखेला का नाही वाचून दाखवलं?”

काय सांगणार. लोक काय म्हणतील म्हणून, असं त्या माणसाला त्या खोलीत सांगायचं? मी म्हटलं, भ्याले. ते म्हणाले, “तो रोज घरी येऊन म्हणायचा, ताई आहेत तिथं.” कागद त्यांनी ठेवून घेतला. फाटकापर्यंत सोडायला आले, आणि मी गाडी सुरू करेपर्यंत उभे राहिले. इतक्या सभ्यपणानं कुणी माझ्याशी वागू नये असं वाटत होतं.

शनि. १९ एप्रि.

शबाना सिस्टरांचा फोन. मंगल आणि बाळ घरी जाऊन महिना झाला. वजन आता तीनच्या वर. कानाची तपासणी ६ मे, पण ती सिल्लोडला होत नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात यावं लागेल. नवऱ्याला सुट्टी नाही. “तिला शहरातलं काय ठाव नाय. तुम्ही जाता का संगं?”

मी विचारलं, तिला सांगितलंय का कुणी?

“डॉक्टर सांगत नाय. मी सांगू का? तुमचं हाय ते, तुम्ही सांगा.” आणि जरा थांबून, “मी तुमच्यावर गुस्सा हाय ताई. पण फोन तुम्हालाच केला.”

जाते म्हटलं.

मंगळ. ६ मे

दवाखान्यातल्या बाकावर लिहितेय. ऊन मी म्हणतंय, पंखा नुसता फिरतोय. आमचा नंबर अठरावा, आलो तेव्हा अकरावा चालू होता.

साडेआठला सिल्लोडची बस आली. मंगल उतरली, खांद्याला कापडी पिशवी, कुशीत बाळ. अंग धरलंय चांगलं. पिवळी टोपी आता बसत नाही, तरी तीच घातलेली. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, “तुमी आलात, लई आधार वाटला बगा.”

तपासणी झोपलेल्या बाळाचीच होते. कानाला नळी लावतात, बाळ हललं की परत पहिल्यापासून. त्यामुळं तिनं पाजलं, थोपटलं, झोपवलं. मी मनाशी म्हटलं, आत्ताच सांगायचं. आत जायच्या आधी. निकाल लागल्यावर सांगितलं तर तो वेगळाच भामटेपणा.

सांगितलं. हळू आवाजात. औषध किती द्यायचं ते मशीन सांगतं, मशीनला काय सांगायचं ते मी सांगते. माझ्याकडून चुकलं, चार दिवस तुझ्या लेकीला जास्त औषध गेलं, म्हणून ही कानाची तपासणी.

तिला आधी कळेना. “म्हंजे, तुमी दिलं औषद?”

“नाही. किती द्यायचं ते माझ्यामुळं चुकलं.”

“सिस्टरला ठावं हाय?”

“त्यांनीच पकडलं.”

ती बाळाकडं बघत बसली. टोपी काढली, परत घातली. शेजारची बाई आमच्याकडं बघायला लागली. मग मंगल म्हणाली, “मग हितं कशाला आलात?”

मी म्हटलं, माहीत नाही गं. खरंच तेच आलं तोंडात. ती जराशी सरकून बसली, माझ्यापासून लांब. एका बाकावर लांब जाऊन जाऊन किती जाणार.

तेवढ्यात वॉर्डबॉयच्या हातून ट्रे निसटला. स्टीलचा, वाट्यांसकट, फरशीवर. सगळा व्हरांडा दचकला. मंगल पण दचकली, मांडी हलली, आणि बाळ रडायला लागलं. जोरात, तोंड लाल करून.

मंगलनं त्याला छातीशी धरलं आणि माझ्याकडं वळली. डोळे मोठे. “आवाजानं उटली का हो? का मी हलले म्हनून?”

मी दोघींकडंच बघत होते, ट्रे पडला तेव्हा. अगदी समोर. आधी काय झालं, मांडी हलली की बाळानं डोळे उघडले, ते मला सांगता येईना. तिनं परत विचारलं. “सांगा ना. तुमी बगत होता.”

“कळलं नाही मंगल.”

तिनं मान खाली घातली. मग परत झोपवायला घेतलं. वीस-पंचवीस मिनिटं थोपटत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. तोवर चौदावा नंबर गेला, पंधरावा, सतरावा. झोपली शेवटी.

अठराव्याचं नाव पुकारलं. मी उठले तर म्हणाली, नको, तुमी बसा. दोन पावलं गेली, परत आली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. दुपटी, बाटली, शबाना सिस्टरांची चिठ्ठी. हात मोकळे पाहिजेत म्हणाली.

अकरा वाजून गेले. अजून बाहेर आलेल्या नाहीत.